घरगुती लागर: थंडीतल्या मुक्कामासाठी भांडं कोणतं घ्यावं?

उत्तरकोकणी (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने व्यक्तिगत निरोपांमधून सारखा एकच प्रश्न येतोय. घरी एल (उबेत लवकर आंबणारी बिअर) जमायला लागली, आता लागर (गारव्यात सावकाश आंबवून मग थंडीत मुरवायची बिअर) करायची आहे, तर भांडं कोणतं घेऊ? काच, प्लास्टिक, स्टील, की शंकूच्या बुडाची महागडी टाकी? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहितो, म्हणजे जाणकारांना भर घालता येईल आणि नंतर येणाऱ्यांना एका जागी वाचायला मिळेल.

माझं मत आधीच सांगतो. भांडं निवडताना बहुतेक जण पहिल्या दोन आठवड्यांचा विचार करतात, म्हणजे वर्ट (माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, गोड पाणी) आंबत असतानाचा. तो काळ जवळजवळ कुठल्याही स्वच्छ भांड्यात निभावतो. खरी परीक्षा त्यानंतरच्या सहा-आठ आठवड्यांची, बिअर शून्य-एक अंशाला नुसती पडून असते तेव्हाची. भांडं त्या काळासाठी निवडा.

कारण असं आहे. सॅकरोमायसिस पास्टोरिआनस हे लागरचं यीस्ट 9 ते 12 अंशांत निवांतपणे काम करतं. ते काम चालू असताना 20 लिटर वर्टमधून तीनशे लिटरांहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. झाकण थोडं सैल असलं, एअरलॉक (आतला वायू पाण्यातून बाहेर सोडणारी झडप) जेमतेम बसलेला असला, तरी आतून बाहेर वाहणारा वायू हवेला शिरकाव करू देत नाही. त्यातूनही जो थोडा ऑक्सिजन शिरेल तो जागं असलेलं यीस्ट फस्त करतं. मग दोन-तीन दिवस 16 ते 18 अंशांवर विश्रांती, म्हणजे डायअसिटिलचा लोण्यासारखा वास यीस्ट स्वतःच निस्तरतं.

त्यानंतर थंड करायला घेतलं की सगळं उलटं होतं. वायू निघणं थांबतं. वरच्या मोकळ्या जागेतला वायू आकसतो, त्यातला बराचसा बिअरमध्ये विरघळायला लागतो, आणि भांडं बाहेरची हवा आत ओढू लागतं. तीन तुकड्यांचा एअरलॉक असेल तर आधी त्यातलं पाणी बिअरमध्ये उतरतं आणि मागोमाग हवा. यीस्ट तळाशी सुस्त पडलेलं, गार बिअरमध्ये ऑक्सिजन जास्त विरघळतो, आणि मुक्काम दोन महिन्यांचा. स्टाउटमध्ये भाजक्या माल्टखाली बरंच काही झाकलं जातं, फिकट पिल्सनरमध्ये काहीच झाकलं जात नाही. ओल्या पुठ्ठ्याची चव, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) उडालेला वास, रंग एक छटा गडद. पाककृतीत दोष शोधत बसतात लोक, आणि दोष झाकणात असतो.

पिल्सनमध्ये 1842 साली योसेफ ग्रोलने पहिली पिल्सनर केली तेव्हाही आंबवण्याचं आणि साठवण्याचं भांडं वेगवेगळं होतं. आंबवायला ओकच्या लाकडाची उघडी पिंपं, आणि मग तळघरातल्या गारव्यात मुक्कामाला आतून राळ फासलेले मोठे बंद पीप. त्या ब्रुअरीच्या तळघरात अजूनही थोडी बिअर या पद्धतीने करतात आणि भेट देणाऱ्यांना न गाळलेली बिअर थेट पिपातून देतात. पहिलं भांडं उघडं चालतं, दुसरं बंदच लागतं, हे त्या लोकांना ऑक्सिजन मोजायचं यंत्र नसताना कळलेलं होतं.

आता एकेक भांडं.

प्लास्टिकची बादली. 25 लिटरची, एचडीपीईची, झाकणाला एअरलॉकचं भोक असलेली. सगळ्यात स्वस्त, आत हात घालून धुता येते, उचलायला सोपी. तारेच्या घासणीला मात्र मनाई, कारण चऱ्यांमध्ये जंतू लपतात आणि सॅनिटायझर तिथे पोहोचत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी माझी हिच्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण एचडीपीईच्या भिंतीतूनच ऑक्सिजन हळूहळू आत येतो आणि झाकण क्वचितच पूर्ण घट्ट बसतं. दोन महिने हिच्यात बिअर ठेवू नका.

काचेचा कार्बॉय, म्हणजे अरुंद मानेची मोठी बाटली. यावर जरा सविस्तर, कारण अजूनही जुन्या लेखांमध्ये लागरसाठी काचच सांगतात. काचेतून ऑक्सिजन जात नाही, काचेवर चरे पडत नाहीत, आत काय चाललंय ते दिसतं, हे सगळं खरं. पण 19 लिटरचा भरलेला कार्बॉय पंचवीस किलोच्या आसपास जातो, सॅनिटायझरने ओला असतो आणि त्याला धरायला जागा नसते. मानेला लावायची कडी रिकामा कार्बॉय उचलण्यापुरतीच असते. भरलेला उचलायचाच असेल तर दुधाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवून उचला. गार काचेवर कढत पाणी ओतू नका. आणि काचेत दाब कधीही, अगदी थोडासुद्धा, देऊ नका. कार्बॉय फुटून हाताच्या शिरा आणि स्नायुबंध तुटल्याच्या हकिगती अमेरिकन हौशी मंडळींमध्ये नेहमी ऐकू येतात. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांना मी काच घेऊ नका असंच सांगतो.

पेटचा, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकचा, कार्बॉय. हलका, फुटत नाही, आणि एचडीपीईच्या मानाने ऑक्सिजन कितीतरी कमी आत सोडतो. कढत पाण्याने मात्र आकसून वाकडा होतो. गार करताना भिंती आत ओढल्या जातात, ते बघून घाबरायचं कारण नाही, पण त्याच वेळी एअरलॉकवर लक्ष ठेवा.

स्टीलची शंकूच्या बुडाची टाकी. दिसायला देखणी, टिकाऊ, उजेड आत जात नाही, खालच्या व्हॉल्व्हमधून यीस्टचा साका काढता येतो. पण 20 लिटरच्या घाण्यात हा फायदा पैशांच्या मानाने फारच लहान आहे. पाय लावून ती इतकी उंच होते की साध्या फ्रिजमध्ये मावत नाही, आणि जेवढे जास्त व्हॉल्व्ह आणि क्लॅम्प, तेवढी गळायची आणि धुवायची ठिकाणं जास्त.

आणि केग. सरबतवाल्या कंपन्यांनी सिरप भरायला वापरलेले 19 लिटरचे कॉर्नेलियस केग. नळी जोडण्याच्या पद्धतीवरून दोन प्रकार: पेप्सीवाल्यांकडचे बॉल लॉक, कोकवाल्यांकडचे पिन लॉक. स्टीलची भिंत, दाबाने बंद होणारं झाकण, आणि आपण वापरतो त्याच्या कितीतरी पट दाब सहन करणारी बांधणी. बाहेरची हवा आत ओढली जाणं हा प्रकारच इथे उरत नाही, कारण आत कायम बाहेरपेक्षा जास्त दाब असतो. उजेड नाही, चरे नाहीत, फुटायची भीती नाही, आणि लागरिंग, म्हणजे हा थंडीतला मुक्काम, संपलं की त्याच केगमधून थेट ग्लासात. माझ्या मते थंडीतल्या मुक्कामासाठी घरगुती पातळीवर याच्याइतकं योग्य भांडं दुसरं नाही.

तेव्हा कमी खर्चात लागर सुरू करायची असेल तर: आंबवायला तोटी असलेली बादली, मुक्कामाला केग.

खरेदीआधी फ्रिज मात्र आतून मोजा. बॉल लॉक केग साधारण 64 सेंमी उंच आणि 22 सेंमी रुंद, पिन लॉक थोडा बुटका आणि जाड, साधारण 57 आणि 23. वर नळ्यांचे जोड आणि गेज यांना आणखी दहाएक सेंमी धरा. चेस्ट फ्रीझर घेणार असाल तर कॉम्प्रेसरच्या उंचवट्याची जागा वजा करा, आणि भरलेलं भांडं कमरेच्या उंचीवरून आत उतरवायचं आहे हेही ध्यानात घ्या. तापमानाचा कंट्रोलर वेगळा लागतो. त्याचा सेन्सर भांड्याच्या अंगाला चिकटवून वरून फोमचा तुकडा लावा. हवेत लोंबकळत ठेवलात तर तो हवेचं तापमान दाखवेल, आणि जोरात आंबत असलेली बिअर हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम असते.

जाणकारांनी भर घालावी.

वरदा_एडिसन

फार उपयोगी धागा, वाचनखूण साठवली. माझ्याकडे तळघरात जुना उभा फ्रिज आहे आणि भारतात परतलेल्या एका मैत्रिणीने दिलेला 19 लिटरचा काचेचा कार्बॉय. केग सध्या घेणार नाही, पुढच्या वर्षी बघू. तोवर काचेतच लागरिंग करायचं तर काय काळजी घ्यावी? आणि सगळेजण बिअर साक्यावरून काढून दुसऱ्या भांड्यात घाला म्हणतात, ते कधी करायचं?

उत्तरकोकणी

वरदाताई, काच आहेच तर अशी वापरा. आंबवा बादलीत, आणि विश्रांतीचा काळ संपून गुरुत्व (पाण्याच्या मानाने घनता, साखर आंबत जाते तशी ती उतरते) स्थिर झालं की कार्बॉयमध्ये सायफनने हळू उतरवा. नळीचं टोक तळाला टेकलेलं असू द्या, वरून धार पडू देऊ नका. कार्बॉय मानेपर्यंत भरा, वर दोन-तीन बोटं जागा राहिली तर उत्तम. अर्धवट भरलेल्या कार्बॉयमध्ये लागरिंग करण्यापेक्षा न केलेलं बरं.

गार करतानाचं ओढणं थांबवायला एक सोपा उपाय आहे. वाढदिवसाला मिळतो तो चकाकणाऱ्या फॉइलचा फुगा घ्यायचा, आंबणं जोरात असताना बादलीच्या एअरलॉकच्या भोकातून नळी काढून तो कार्बन डायऑक्साइडने भरून घ्यायचा, चिमटा लावून ठेवायचा. कार्बॉय फ्रिजमध्ये गेला की बुचाला तो जोडायचा. बिअर गार होताना फुग्यातला वायू ओढून घेईल, खोलीतली हवा नाही. रबरी फुगा चालत नाही, त्यातून हवा सहज येते-जाते.

आणि कार्बॉय फ्रिजमध्ये आधी ठेवा, तिथेच भरा. म्हणजे भरलेला उचलावाच लागणार नाही. आतला दिवा काढून टाका किंवा कार्बॉयवर काळं कापड घाला, कारण उजेड हॉप्समधल्या कडू घटकांवर पडला की स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा वास येतो.

साक्याची भीती मोठ्या टाक्यांवरून आलेली आहे. तिथे टनावारी यीस्ट कित्येक मीटर उंच बिअरच्या भाराखाली आणि उबेत दबतं, मरतं आणि चव बिघडवतं. घरच्या 20 लिटरमध्ये तीन-चार आठवडे बिअर साक्यावर राहिली म्हणून काही होत नाही. भांडं बदलायचं ते साक्यासाठी नव्हे, बादलीच्या भिंतीसाठी.

इसारकाठचा (म्युनिक)

उत्तम लेख. इकडे हौशी लोकांकडे जाड एचडीपीईची 30 लिटरची पिंपं सर्रास असतात, आंबवणं त्यात आणि पुढचं सगळं केगमध्ये, म्हणजे तुम्ही सांगता तीच विभागणी.

पण एक महत्त्वाची भर घालतो. बिअर पूर्ण आंबून झाल्यावर केगमध्ये घालण्याऐवजी थोडी साखर शिल्लक असतानाच घाला. जर्मनीत हौशी मंडळी नेहमी असंच करतात. म्हणजे गुरुत्वाची सुरुवात 1.048 ला झाली आणि शेवट 1.011 ला होणार असेल, तर 1.016 ते 1.015 च्या आसपास बिअर केगमध्ये उतरवायची. उरलेली साखर केगमध्येच आंबते. भांडं बदलताना जो ऑक्सिजन शिरला तो जागं असलेलं यीस्ट वापरून टाकतं आणि वायू आतच राहिल्याने बिअर आपोआप फेसाळते. फेसासाठी वेगळा कार्बन डायऑक्साइड लागत नाही, तो केग तयार करायला आणि पिताना ढकलायला लागतो. डायअसिटिलची विश्रांतीही मग केगमध्येच होते.

त्यासाठी केगच्या वायूच्या जोडाला स्पुंडिंग व्हॉल्व्ह लावायचा, म्हणजे ठरवलेल्या दाबापलीकडचा वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, सोबत गेज. लागरला बिअरच्या अडीच पट वायू साधारण बरोबर वाटतो. 10 अंशाला त्यासाठी 17-18 पीएसआय, म्हणजे 1.2 बार दाब लागतो. तीच बिअर 1 अंशाला गेली की काटा 9 पीएसआयच्या आसपास उतरतो. पहिल्यांदा करणारे इथे घाबरतात आणि गळती शोधत बसतात. गळती नसते, वायू बिअरमध्ये गेलेला असतो. विश्रांतीसाठी केग 17 अंशांवर नेलात तर काटा उलट वर जाईल, व्हॉल्व्ह त्या हिशेबाने थोडा जास्त ठेवा.

जर्मनीतल्या वाचकांसाठी: 2024 पासून घरच्या वापरासाठी वर्षाला 500 लिटरपर्यंत करमाफ आहे, आधी 200 होती. पण पहिल्या घाण्याआधी कस्टम्सच्या मुख्य कार्यालयाला कळवावं लागतं.

मीरा_मेलबर्न

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. दोन भांडी हवीतच कशाला? इथे पेटच्या दाब सहन करणाऱ्या टाक्या सहज मिळतात. माझी फर्मझिला ऑल-राउंडर आहे, 30 लिटरची, 35 पीएसआयपर्यंत दाब घेते. वरच्या झाकणाला केगसारखेच जोड, आत तरंगती नळी. आंबवायचं त्यात, दाब धरायचा त्यात, गार करायचं त्यात आणि प्यायचंही त्यातूनच. एकदाही झाकण उघडत नाही, मग ऑक्सिजन येणार कुठून? शिवाय दाबाखाली डब्ल्यू-34/70 सारखं यीस्ट 18 अंशांवरही स्वच्छ चव देतं. इथल्या उन्हाळ्यात 10 अंश धरून ठेवण्यापेक्षा हे फार सोपं जातं.

उत्तरकोकणी

मीराताई, न उघडण्याचा मुद्दा पूर्ण मान्य. बिअर महिन्याभरात संपणार असेल तर तुमची पद्धत माझ्यापेक्षा सुटसुटीत आहे, आणि जागा कमी असलेल्यांना मी तीच सुचवेन.

पण दोन गोष्टींमुळे मी केग सोडत नाही. पहिली म्हणजे पेट दाबाखाली असला तरी ऑक्सिजन भिंतीतून थोडा थोडा येतोच. आतला दाब कार्बन डायऑक्साइडचा असतो, तो ऑक्सिजनला अडवत नाही. ऑक्सिजन बाहेर जास्त आणि आत जवळजवळ शून्य, म्हणून तो आपल्या वाटेने आत येत राहतो. दोन-तीन आठवड्यांत जाणवणार नाही, डोपलबॉक (जास्त कडक लागर) तीन महिने ठेवलीत तर जाणवेल. दुसरी, 30 लिटरची टाकी तीन महिने अडकून पडली की पुढचा घाणा घालायचा कशात? केग एकामागून एक भरता येतात, आंबवायचं भांडं दोन-तीन आठवड्यांत मोकळं होतं. ज्यांना वर्षभर लागर हवी त्यांच्यासाठी हा मोठा फरक आहे.

पेटच्या दाबाच्या टाकीबद्दल एक सुरक्षेची सूचना: त्यावर तपासणीची मुदत छापलेली असते, ती पाळा. कढत पाणी नको. आणि दाब सोडणारा लाल व्हॉल्व्ह बुजवू किंवा बदलू नका.

मीरा_मेलबर्न

भिंतीतून येणाऱ्या ऑक्सिजनचा मुद्दा पटला. आमच्याकडे बिअर तेवढी टिकतच नाही, म्हणून जाणवलं नसेल. पुढची बॉक केगमध्ये हलवून बघते. तरंगती नळी मात्र केगलाही लावा, वरची निवळलेली बिअर आधी येते.

टाकीवाला (पुणे)

मी पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत काम करतो, त्यामुळे आमच्या बाजूने थोडं लिहितो.

आमच्याकडच्या टाक्या हजार लिटरच्या, दुहेरी भिंतीच्या, मधून थंड करणारं ग्लायकॉल फिरतं. पबमध्ये गव्हाची बिअर आणि एल जास्त दिसतात याचं एक मोठं कारण भांडंच आहे. गव्हाची बिअर दोन आठवड्यांत टाकीतून नळावर जाते. लागरने तीच टाकी पाच-सहा आठवडे अडवली तर तेवढ्या काळात दुसरे दोन घाणे बुडतात. म्हणून मोठ्या ब्रुअरीत लागरिंगला वेगळ्या आडव्या टाक्या ठेवतात. आडवी टाकी म्हणजे यीस्टला खाली बसायला अंतर कमी, बिअर लवकर निवळते. घरच्या केगमध्ये उंचीच साठ-पासष्ट सेंमी, तेव्हा तुम्हाला हा फायदा आपोआप मिळतोय.

धुण्याबद्दल एक सांगतो. स्टीलला ब्लीच लावू नका. क्लोरीनने 304 ग्रेडच्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात आणि ते परत भरून येत नाहीत. परकार्बोनेटवाली पावडर, कोमट पाणी, आणि शेवटी फॉस्फोरिक आम्लाचं सॅनिटायझर, एवढं पुरतं. केग धुताना दोन्ही जोड पान्याने उघडून आतली स्प्रिंगची झडप बाहेर काढा. बाहेरून चकचकीत केग आणि झडपेच्या खाचेत जुन्या बिअरचा तपकिरी थर, हे मी फार वेळा पाहिलंय. दूषित होणारी बिअर बहुधा तिथूनच दूषित होते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी स्पष्ट लिहितो, कारण हा धागा वाचून कुणी उत्साहाने सुरू करेल. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरीही बिअर करता येत नाही. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने ती मोकळीक मिळाली, इथे तशी नाही. शिकायचं असेल तर परवाना असलेल्या ब्रुअरीत या, आम्ही आनंदाने दाखवतो.

पाटणकर_काका

टाकीवाले, बिअर निवळण्यावरून आठवलं. निवळायला जिलेटिन घालतात असं वाचलं. आम्ही शाकाहारी, घरात ते चालणार नाही. मग लागर गढूळच राहणार का?

टाकीवाला

काका, नाही राहणार. शून्य अंशावर सहा आठवडे हेच सगळ्यात जुनं निवळण आहे, जिलेटिन फक्त घाई असणाऱ्यांसाठी. उकळण्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉसची गोळी घाला, ती समुद्री शेवाळाची असते. आणि थंडीत वापरायला सिलिकाचं द्रावणही मिळतं, त्यात प्राणिजन्य काही नसतं. माशाच्या फुग्यापासून केलेलं आयझिंग्लास मात्र टाळा.

बाकी_शून्य (मिनेसोटा)

आमच्याकडे डिसेंबर ते मार्च गॅरेज हाच फ्रिज. मी नुसता केग गॅरेजमध्ये ठेवला तर चालेल ना? वीजही वाचेल.

उत्तरकोकणी

तिथल्या थंडीत नुसता ठेवू नका. पाच टक्क्यांची बिअर उणे दोन अंशांच्या आसपास गोठायला लागते, आणि तुमचं गॅरेज जानेवारीत त्याच्या बरंच खाली जातं. केग फुगेल, झाकणाची सील जाईल. काच असेल तर फुटेलच.

बंद पडलेला जुना फ्रिज गॅरेजमध्ये ठेवा, फक्त उबदार पेटी म्हणून. आत रोपांच्या ट्रेखाली वापरतात तसली लहान हीटिंग मॅट, आणि गरम-गार दोन्ही सांभाळणारा कंट्रोलर, त्याची फक्त गरम करायची बाजू 1 अंशाला लावलेली. मॅट क्वचितच चालू होईल. दिवसा-रात्रीच्या चढउतारापेक्षा ही स्थिरता लागरला जास्त मानवते.

समिधा

एक भाबडा प्रश्न. आमच्याकडे आजीच्या वेळच्या चिनी मातीच्या मोठ्या बरण्या आहेत, लोणच्याच्या. काचेसारख्याच गुळगुळीत, उजेडही जात नाही. त्या चालतील?

इसारकाठचा

समिधाताई, नका वापरू. झाकण हवाबंद नसतं, दाब तर मुळीच धरत नाही. आणि जुन्या बरणीच्या चकाकीमध्ये शिसं आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. बिअर आम्लधर्मी असते, तिच्यात दोन महिने शिसं उतरत राहिलं तर तब्येतीला घातक. त्या बरण्या फुलं ठेवायलाच चांगल्या.

वरदा_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रिज आतून मोजला. खालची भाजीची पेटी आणि दोन फळ्या काढल्या की 78 सेंमी उंची, 46 रुंदी, आणि मागे कॉम्प्रेसरचा उंचवटा वगळून 34 खोली. म्हणजे दोन बॉल लॉक केग शेजारी-शेजारी बसतात आणि वर गेजलाही जागा राहते. हे बघितल्यावर काचेवर वेळ घालवावासा वाटत नाही. एक वापरलेला केग आणि स्पुंडिंग व्हॉल्व्ह मागवते, कार्बॉयमध्ये मीड (मधाची दारू) करेन.

इसारकाठच्या दादांची पद्धत करायचं ठरवलंय. आता दोन शंका. तोटीच्या बादलीतून केगमध्ये हवा न लागता बिअर कशी उतरवायची? आणि केगचं झाकण हलतंय असं वाटतं, हाताने दाबलं तरी डुगडुगतं. खराब केग मिळाला का?

इसारकाठचा

ताई, केग खराब नाही, तो बहुधा ठीकच आहे. या केगचं झाकण आतून बाहेरच्या बाजूला बसतं आणि दाब आल्यावरच घट्ट होतं. आंबणाऱ्या बिअरचा दाब सुरुवातीला फार कमी असतो, म्हणून झाकण तेवढ्यावर सोडू नका. भरायच्या आधीच बसवून घ्या: मोठ्या ओ-रिंगला खाद्य ग्रेडचं सिलिकॉन ग्रीस बोटाने पातळ लावा, झाकण बसवा, कडी आडवी करताना वर ओढून धरा आणि सिलिंडरमधून 25-30 पीएसआयचा एक झटका द्या. टक् असा आवाज येईल. मग सॅनिटायझर सगळ्या कडेने फवारा. बुडबुडे दिसले तर झाकण काढून अर्धा फेर फिरवून पुन्हा बसवा. तरीही ऐकत नसेल तर मऊ, थोडी जाड ओ-रिंग मिळते, ती घाला.

उतरवण्यासाठी केग आधी सॅनिटायझरने काठोकाठ भरा आणि कार्बन डायऑक्साइडने ते सगळं बाहेर ढकला, म्हणजे आत हवा उरत नाही. मग केगमधला जास्तीचा दाब सोडून द्या. बादली टेबलावर, केग जमिनीवर. बादलीच्या तोटीपासून नळी केगच्या द्रवाच्या जोडाला लावा, तो आतल्या लांब नळीने थेट तळाशी उघडतो. दुसरी नळी केगच्या वायूच्या जोडापासून बादलीच्या झाकणातल्या एअरलॉकच्या भोकात. तोटी उघडली की बिअर खाली उतरते आणि केगमधला कार्बन डायऑक्साइड तिची जागा घ्यायला बादलीत वर जातो. सुरुवातीचा गढूळ घोट नळी जोडण्याआधी वाटीत काढून टाका. केगबाहेर गारव्यामुळे दव धरतं, बिअर कुठवर आली ते त्यावरून कळतं. दव धरलं नसेल तर केगच्या अंगाला हात लावून बघा. 17 लिटरला थांबा, वरती थोडी जागा हवी, आणि भरून झाल्या झाल्या झाकण त्याच झटक्याने पुन्हा बसवा.